चिप ठणठणीत, गोंद कच्चा

जळगाव एमआयडीसीत पाईप तपासायची एक छोटी लॅब आहे, तिथल्या ह्युमिडिटी चेंबरमध्ये मागच्या वर्षी मी अकरा ऑप्टिकल चिप्स १००० तास उकडत ठेवल्या होत्या. उकडत म्हंजे ८५ डिग्री तापमान आणि ८५ टक्के आर्द्रता, आमच्या धंद्यात याला नुसतं ८५/८५ म्हणतात. तू नक्की काय काम करतेस असं बरेच जण विचारतात आणि शेजारच्या काकूंना तर मी केळीच्या चिप्स तपासते असंच वाटतं (रावेरकडचा माणूस दुसरं काय समजणार), म्हणून एकदा सगळं लिहून काढतेय. लांबलचक होणारे, चहा घेऊन बसा.

मी मूळची भुसावळची, वडील रेल्वेत होते. पुण्यातल्या एका छोट्या स्टार्टअपमध्ये रिलायबिलिटीचं काम बघते. आमची चिप सिलिकॉन फोटॉनिक्सची आहे, म्हंजे साध्या चिपमध्ये तांब्याच्या तारांतून करंट पळतो तसा हिच्यात सिलिकॉनच्या अर्धा मायक्रॉन रुंद वाटांमधून प्रकाश पळतो, १३१० नॅनोमीटरचा, डोळ्याला न दिसणारा. गंमत अशी की सिलिकॉनमधून प्रकाश छान जातो पण सिलिकॉनला स्वतःला प्रकाश काढता येत नाही, म्हणून लेसर वेगळा इंडियम फॉस्फाईडचा बनवून आणायचा आणि सोन्या-कथलाच्या सोल्डरनं वर बसवायचा, प्रकाश पकडायला जर्मेनियमचा फोटोडायोड, आणि बाहेरून काचेची फायबर आणून चिपच्या कडेला गोंदानं चिकटवायची. आता हे सगळं एकाच पाटावर जेवायला बसवलंय पण प्रत्येकाचा स्वभाव वेगळा. सिलिकॉन तापलं की थोडं फुगतं, इंडियम फॉस्फाईड त्याच्या जवळजवळ पावणेदोनपट फुगतं, आणि गोंद तर विचारूच नका.

डिझाईनवाले सांगतात चिप चालते. ती किती वर्षं चालेल आणि मेलीच तर कशानं मरेल, हे मी शोधायचं. दहा वर्षं थांबून बघता येत नाही, मग तिला जास्त तापवायचं, जास्त ओलं करायचं, म्हंजे दहा वर्षांचं म्हातारपण काही महिन्यांत येतं. टेलिकॉमच्या ऑप्टिकल पार्टसाठी टेलकॉर्डियाचं जीआर-४६८ नावाचं स्टँडर्ड आहे, सगळे त्याच्याच अंगानं टेस्ट लावतात. तुमच्या गच्चीवरच्या सोलर पॅनलची पण हीच ८५/८५ ची १००० तासांची टेस्ट झालेली असते. म्हणूनच तर जळगावात हे चेंबर होतं, लॅबवाल्यांनी सोलर पंपाच्या कंट्रोलरसाठी घेतलेलं, पण वर्षातले निम्मे दिवस रिकामं. पुण्यात चेंबरसाठी दीड महिना वेटिंग आणि तासाचा रेट ऐकून आमच्या सरांचा चेहरा पडला होता. मी म्हटलं माझ्या गावाकडे लावू का, राहायला घर आहे, रोज रेल्वेनं जाईन-येईन. सर लगेच हो म्हणाले.

मग महाराष्ट्र एक्सप्रेसनं चिप्स घेऊन निघाले, चंदेरी मॉइश्चर पिशवीत, आत सिलिका जेलच्या पुड्या, बाहेरून अँटीस्टॅटिक डबा आणि तो डबा मांडीवर. समोरच्या आजींनी मनमाड येईपर्यंत दम धरला, मग विचारलंच, सोनं आहे का बाई? जळगावला चाललेली पोरगी डबा कवटाळून बसलीय म्हटल्यावर त्यांचं तरी काय चुकलं. मी म्हटलं आहे थोडं, आणि ते खोटं नव्हतं, आमच्या चिपला जोडणाऱ्या केसासारख्या बारीक तारा (बाँड वायर) सोन्याच्याच असतात.

अकराच का, असं लॅबच्या मालकांनी पण विचारलं, पाईपचे तर ते तीन तुकडे तपासून मोकळे होतात. याच्यामागे साधं गणित आहे. समजा लॉटमधल्या (म्हंजे एकत्र बनवलेल्या) शंभरात वीस चिप्स खराब आहेत. तर उचललेली एक चिप चांगली निघायची शक्यता ०.८, आणि अकराच्या अकरा चांगल्या निघायची ०.८ चा अकरावा घात, म्हंजे साधारण ०.०९. म्हणून अकरा पास झाल्या की नव्वद टक्के खात्रीनं एवढंच म्हणता येतं की खराबीचं प्रमाण वीस टक्क्यांच्या खाली आहे. बस. लोक ‘अकरापैकी शून्य फेल’ वाचून टाळ्या वाजवतात, पण वीस टक्के म्हंजे पाचात एक, हे कोणी लक्षात घेत नाही.

मेच्या पहिल्या आठवड्यात टेस्ट चालू केली. चेंबर बघायला जिभाऊ होते, अमळनेरकडचे, साठीच्या आसपास, शिक्षण आयटीआय पण चेंबरचा आवाज ऐकून सांगतील की कॉम्प्रेसर थकलाय. १६८ तासांना चिप्स बाहेर काढून मोजल्या, सगळं ठीक. ५०० तासांना मोजल्या, सगळं ठीक, एका चिपचा लॉस, म्हंजे वाटेत किती प्रकाश वाया जातो ते, ०.२ डीबीनं वाढलेला (डीबी म्हंजे डेसिबल, ते मोजायचं माप), ते चालतं. मी घरी येऊन शेवभाजी खाल्ली आणि निवांत झोपले.

मधल्या काळात मला दुसरंच एक खूळ लागलं होतं, ते सांगते कारण पुढं त्याच्यावरनं भांडण झालं. आमच्या प्रेझेंटेशनमध्ये लेसरचं आयुष्य काढताना वापराचं तापमान ४५ डिग्री धरलं होतं. आता मे महिन्यात भुसावळला सावलीतच पारा ४५ ला जातो, आणि आमचं युनिट बसणार रस्त्याकडेच्या पत्र्याच्या कॅबिनेटमध्ये, उन्हात. मी एक तसाच पत्र्याचा डबा आणून गच्चीवर ठेवला, आत तापमान नोंदवत राहणारा डेटालॉगर. शेजारी आईनं बिबडे (ज्वारीचे पापड) वाळत घातलेले, ती म्हणे माझ्या बिबड्यांवर सावली पाडू नको तुझ्या डब्याची. दुपारी दीड ते साडेचार डब्याच्या आत ६० च्या वर, एका दिवशी तर ६५ लागला. आणि आत काही चालू नव्हतं, नुसता रिकामा डबा.

याचा अर्थ काय ते बघा. तापमान आणि म्हातारपण यांचा हिशोब अऱ्हेनियसच्या सूत्रानं करतात. लेसरच्या झिजेसाठी ॲक्टिव्हेशन एनर्जी (तापमानाबरोबर झीज किती वेगानं वाढते ते ठरवणारा आकडा) ०.७ इलेक्ट्रॉन व्होल्ट धरली तर ८५ डिग्रीवरचा एक तास म्हंजे ४५ डिग्रीवरचे सतराएक तास. मग ५००० तासांची टेस्ट पास झाली की कागदावर जवळजवळ १० वर्षं दिसतात. पण तीच टेस्ट, तोच लेसर, फक्त वापराचं तापमान ६५ लिहिलं तर एका तासाचे चारसुद्धा होत नाहीत आणि १० वर्षांची सव्वादोन वर्षं होतात! रात्री डबा गार होतो, वर्षभर मे नसतो, हे मान्य, खरा आकडा मधे कुठंतरी येणार. पण नुसतं सरासरी तापमान घेऊन पण भागत नाही कारण गरम तासांचं वजन हिशोबात जास्त पडतं, बारा तास ६० आणि बारा तास ३० यांची झीज सलग ४५ पेक्षा जास्त होते. मी सरांना ग्राफ पाठवला, उत्तर आलं ‘इंटरेस्टिंग’. त्या शब्दाचा अर्थ नोकरी करणाऱ्या सगळ्यांना माहीत आहे.

तर टेस्ट. ६१२ वा तास चालू असताना, मेच्या शेवटी, रात्री वादळ आलं. खान्देशातल्या लोकांना सांगायला नको, त्या एका तासात केळीचे बागाच्या बाग आडवे होतात. सकाळी सहाला जिभाऊंचा फोन, “ताई, रातले लाईट गयी व्हती.” किती वेळ? “तीन-चार तास.” जनरेटर? जनरेटर होता, पण तो ऑफिसच्या पंख्यांना आणि पाण्याच्या मोटरला जोडलेला, चेंबरला नाही. पाईपला काय फरक पडतो हो, पाईप चार तास गार झाला तर परत गरम होतो.

चिपला फरक पडतो. ८५/८५ ची हवा म्हंजे पाण्यानं गच्च भरलेली हवा, ती हळूहळू कोरडी करत गार करावी लागते. वीज जाऊन चेंबर आपोआप गार झालं तर ते पाणी दव होऊन सगळ्यावर बसतं. लॉगमध्ये दिसलं की तीन तास चाळीस मिनिटांत तापमान ४१ ला आलं होतं आणि आर्द्रतेचा सेन्सर १०० ला चिकटलेला. माझ्या चिप्स अक्षरशः भिजल्या होत्या. टेस्टचा नियम आहे वाफेचा, आंघोळीचा नाही. मी जिभाऊंवर चिडले नाही, कारण जनरेटर कशाकशाला जोडलाय हे पहिल्या दिवशी मीच विचारायला हवं होतं. पण बराच वेळ चेंबरच्या काचेतून आत बघत उभी होते. आतल्या दाराच्या रबरावर थेंब ओळीनं लटकलेले, आणि प्लेटवर अकरा चिप्स, बाहेरून काही कळत नाही.

परत चालू केलं, १००० तास पूर्ण केले, जूनच्या मध्यावर मोजलं. पाच चिप्सच्या फोटोडायोडचा डार्क करंट, म्हंजे अंधारात पण जो थोडासा करंट गळतो तो, २० नॅनोअँपवरून ३०० च्या पुढे. आणि चार, सात, आठ या तीन नंबरांचा लॉस १.४, १.९ आणि २.३ डीबीनं वाढलेला. आमची मर्यादा १ डीबी. म्हंजे अकरात तीन फेल.

सरांना फोन केला तर ते लगेच म्हणाले, “पॉवर कट झाला ना? मग टेस्ट इनव्हॅलिड. परत लाव, हे रिपोर्टमध्ये टाकायची गरज नाही.” जुलैमध्ये कस्टमर येणार होते, त्यांची घाई मला कळत होती. आणि खरं सांगू, मला पण तेच हवं होतं. दवामुळं झालं म्हटलं की विषय संपला, दोष लाईटचा. खान्देशात लाईटवर कशाचाही दोष टाकता येतो, कोणी उलटतपासणी घेत नाही.

फक्त एक गोष्ट खुपत होती. दव अकरांवर सारखंच पडलं होतं, मग लॉस तिघांचाच का वाढला?

म्हणून आधी सगळ्या चिप्स कोरड्या ओव्हनमध्ये १०० डिग्रीवर २४ तास ठेवल्या. वरवरचं पाणी असेल तर ते जाईल आणि आकडे पूर्वीसारखे होतील, खरं नुकसान असेल तर राहील. दुसऱ्या दिवशी मोजलं तर डार्क करंट पाचही चिप्सचा २०-२५ ला परत आलेला, म्हंजे तो दवाचाच प्रताप होता. पण सात नंबरचा लॉस १.९ वरून जेमतेम १.५ ला आला आणि तिथंच अडकला. चार आणि आठचं पण तसंच.

आमच्या चिपच्या कडेला प्रकाशाचा ठिपका ३ मायक्रॉनचा असतो, केसाची जाडी ७० धरा. फायबर आणि चिप समोरासमोर असताना फायबर बाजूला १ मायक्रॉन जरी सरकली तरी जवळजवळ २ डीबी जातात, म्हंजे ३६ टक्के प्रकाश सांडला. तर लेसर जिवंत, सिलिकॉन जिवंत, फोटोडायोड ठणठणीत, फक्त फायबर धरून ठेवणारा गोंद एक मायक्रॉनभर हलला होता. इतकी वर्षं हे काम करून माझं मत झालंय की ऑप्टिकल चिपमध्ये चिप सहसा मरत नाही, तिला बाहेरच्या जगाशी जोडणारं काहीतरी मरतं, आणि ते सगळ्यात स्वस्त असतं. आमच्या त्या गोंदाचा एका चिपमागचा खर्च काही रुपयांत आहे.

मायक्रोस्कोपखाली तिन्हींच्या गोंदाची कड वेगळी दिसत होती, बाकी आठांची काचेसारखी धारदार आणि यांची जराशी गोलसर, मेण उन्हात ठेवल्यावर होतं तशी. मग पुण्याहून असेंब्लीचं रजिस्टर मागवलं. चार, सात, आठ, तिन्हींची फायबर एकाच संध्याकाळी चिकटवलेली, पाडव्याच्या आदल्या दिवशी. हा गोंद आधी यूव्ही प्रकाशानं पकडायचा आणि मग ओव्हनमध्ये १२० डिग्रीवर एक तास भाजायचा. रजिस्टरमध्ये भाजण्याच्या रकान्यात टिक होती, पण वेळ लिहिलेली नव्हती. टेक्निशियन मुलाला फोन केला, तो बिचारा खरं बोलला, “मॅडम, ओव्हनमध्ये दुसरी बॅच होती, मग वीसेक मिनिटंच मिळाली. सणाला घरी जायचं होतं.”

मी हे आईला सांगत होते, ती गच्चीवरून बिबडे गोळा करत होती. तिनं एक बिबडा माझ्यासमोर मोडला, कडेला कडक आणि मधे वाकणारा. म्हणाली वरून वाळलेला दिसतो, डब्यात भरला की पंधरा दिवसांत बुरशी. हुबेहूब तेच. यूव्ही जिथवर पोचतो तिथवर गोंद कडक होतो, फायबरच्या खालच्या सावलीतला कच्चा राहतो, त्याच्यासाठीच तर तो भाजायचा तास असतो.

पण बिबड्यावरून रिपोर्ट लिहिता येत नाही. इथं लॅबच्या केमिस्ट मॅडम कामाला आल्या. पाईपच्या लॅबमध्ये डीएससी मशीन असतं, नमुना हळूहळू तापवत त्यात किती उष्णता जाते-येते ते मोजणारं, पॉलिथिलीनचा पाईप ऑक्सिडेशनला किती वेळ टिकतो ते बघायला. तेच मशीन गोंद कुठल्या तापमानाला कडकपणा सोडून मऊ पडतो ते पण सांगतं. मी त्याच गोंदाचे दोन नमुने केले, एक वीस मिनिटं भाजलेला, एक पूर्ण तास. मॅडमनी ॲल्युमिनियमच्या चिमुकल्या वाटीत पाच-पाच मिलिग्रॅम घातला, झाकण दाबलं आणि म्हणाल्या जा तोवर जेवून या. आल्यावर स्क्रीनवर दोन रेषा. पूर्ण भाजलेला १०४ डिग्रीला मऊ पडत होता. वीस मिनिटंवाला ६६ लाच. शिवाय पुढं १३० च्या आसपास त्याच्या रेषेला एक टेकाड, म्हंजे आत न झालेली रिॲक्शन शिल्लक होती ती आता होतेय. ८५ च्या चेंबरमध्ये ६६ ला मऊ पडणारा गोंद, वरून तो पाणी पिणार आणि पाणी प्यायला की अजून खाली मऊ पडणार. आणि पत्र्याच्या डब्यात ६५ मी स्वतः मोजलेले होते.

मग सर पुण्याहून आले. आधी डब्याच्या ग्राफवरून वाजलं, मग यावरून. ते म्हणाले तुला सिद्ध करता येईल का की दवामुळं नाहीच झालं? प्रश्न रास्त होता, माझ्याकडे उत्तर नव्हतं, कारण कच्चा गोंद आणि दव दोन्ही एकाच टेस्टमध्ये होतं. म्हणून दुसरी फेरी अशी लावली की २२ चिप्स पूर्ण भाजलेल्या आणि सहा मुद्दाम वीस मिनिटांवर काढलेल्या, सगळ्या एकत्र, आणि जनरेटर चेंबरला जोडून. जिभाऊंनी त्याची वायर स्वतः ओढली आणि दोनदा मेन पाडून दाखवलं. बावीस याच्यासाठी की शून्य फेल आले तर वीस टक्क्यांऐवजी दहा टक्क्यांच्या खाली असं म्हणता येतं. सहा चांगल्या चिप्स मुद्दाम मारायच्या म्हटल्यावर सरांना त्रास झाला, पण हो म्हणाले.

एकदाही लाईट न जाता ५०० तासांना सहापैकी पाच फेल. १००० ला बावीसपैकी शून्य, जास्तीत जास्त वाढ ०.३ डीबी.

कस्टमरला जुलैऐवजी सप्टेंबरमध्ये बोलावलं. रिपोर्टमध्ये पहिली फेरी पण घातली, पॉवर कटसकट, लॉगच्या ग्राफसकट. त्यांच्याकडच्या एका वयस्कर इंजिनिअरनी शून्यवाली पानं भराभर उलटली आणि तीन फेलच्या पानावर तासभर प्रश्न विचारले. आता ओव्हनला टायमर असलेलं कुलूप आहे, तास झाल्याशिवाय दार उघडत नाही, टेक्निशियन पोरं मला शिव्या देत असतील.

डब्याच्या तापमानाचं पण झालं एकदाचं. सरांनी एका ओळीचं मेल केलं की वापराचं तापमान आता मोजलेल्या तासांवरून धरू, आणि त्यामुळं कागदावरचा फिट आकडा चांगलाच वाढला. फिट म्हंजे अब्ज तासांत किती फेल. १०० फिट ऐकायला काहीच वाटत नाही, पण १०,००० लेसर लावले तर वर्षाला नऊ मरतात आणि प्रत्येकासाठी कोणीतरी उन्हात कॅबिनेट उघडायला जातो. तो कोणीतरी आमच्याच गावाकडचा असणार आहे.

लेसरची ५००० तासांची टेस्ट पुण्यात रॅकवर अजून चालू आहे, सात महिन्यांचं काम ते. परवा ३१२० तास झाले. सगळ्यांचा थ्रेशोल्ड करंट, म्हंजे लेसर पेटायला लागणारा कमीत कमी करंट, जागेवर आहे, एक सोडून. १९ नंबर ९ मिलिअँपवर होता तो ९.६ झालाय. फेल धरायची मर्यादा २० टक्के, हा सात टक्क्यांच्या पण आत आहे, पण बाकीच्यांच्या रेषा आडव्या आणि याची जरा वर तोंड करून. सोमवारी ऑफिसला गेले की पर्स ठेवायच्या आधी मी तोच बघते.